पहारेकऱ्याची नोंदवही

संगणकाच्या जाळ्यावर ‘फायरवॉल’ पहारा देते आणि चालू जोडण्यांची नोंद ठेवते. ती बंद पडली व राखीव फायरवॉलजवळ ही नोंद नसली, तर परीक्षेचा अर्ज पाठवताना जोडणी मध्येच तुटू शकते. म्हणून दोघींच्या नोंदी सतत जुळवतात.

लिनक्समध्ये हे काम ‘सीटी-सिंक’ कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आत राहून करी. डिसेंबर २००३ मध्ये २.४ नंतरचा २.६ कर्नेल आला. गाभा बदलला, म्हणून हा कोडही नव्याने बसवावा लागला. २००५ मध्ये २.६.१४ ने नोंदी बाहेर कळवण्याची ठरलेली वाट दिली. त्या वाटेने ‘कॉनट्रॅक-डी’ गाभ्याबाहेरूनच नोंदी जुळवतो.

आम्ही मुलांना हेच सांगतो : ठरलेल्या दारातून ये-जा ठेवली, तर दर वेळी भिंत फोडावी लागत नाही.