सिंगापूर कुणी घडवलं?

सिंगापूर कुणी घडवलं, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: ली क्वान यू. 1959 पासून 1990 पर्यंत ते पंतप्रधान होते, त्यामुळे त्यात नवल नाही. पण दोन आगींच्या हकिगती शेजारी ठेवल्या की हे उत्तर डळमळू लागतं.

1953 च्या नाताळच्या रात्री हाँगकाँगमध्ये शेक किप मेईची झोपडपट्टी जळाली. पन्नास हजारांहून जास्त माणसं उघड्यावर आली. 25 मे 1961 ला सिंगापुरात बुकित हो स्वीची लाकडी, झावळ्यांनी शाकारलेली घरं पेटली आणि सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले. दोन्हीकडे सरकारनं त्याच जागी बहुमजली इमारती बांधल्या. पुढे दोन्ही शहरं श्रीमंत झाली. आणि हाँगकाँगात ली क्वान यू नव्हते! तिथं 1997 पर्यंत लंडनहून नेमलेले गव्हर्नर राज्य करत होते.

मग नेत्याच्या वाट्याला उरतं काय?

माझ्या मते, उरतं ते बुकित हो स्वीच्या दारावरच्या नावात. हाँगकाँगच्या त्या पहिल्या इमारतींत पाच माणसांच्या कुटुंबाला जेमतेम 120 चौरस फुटांची खोली मिळे, नळ आणि संडास सामाईक, राहणारा भाडेकरूच. सिंगापुरात 1964 मध्ये सरकारी घरं लोकांना विकायला काढली गेली. 1968 पासून त्यासाठी पीएफचे पैसे वापरायची मुभा मिळाली. हा पीएफ लींनी काढलेला नव्हे. तो 1955 चा, इंग्रजांच्या अमलातला. जुन्या राजवटीचा बचत फंड उचलून त्यातून भाडेकरूला घरमालक करायचं, ही कल्पना मला आजही थक्क करते. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला देश राखावासा वाटेल, हा त्यामागचा हिशेब लींनी स्वतःच लिहून ठेवला आहे. आज तिथले जवळपास 80 टक्के रहिवासी सरकारी इमारतींत राहतात आणि त्यातले बहुतेक घरमालक आहेत.

पण बांधकामाचं श्रेय लिम किम सान यांच्या गृहनिर्माण मंडळाचं. आधीच्या इंग्रजी ट्रस्टनं 32 वर्षांत सुमारे 23 हजार घरं बांधली होती; या मंडळानं पहिल्या पाच वर्षांतच पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. विटा वाहणाऱ्यांत दक्षिण चीनमधून आलेल्या सामसुई बाया होत्या. डोक्याला लाल फडकं, खांद्यावर कावड, दिवसभर उन्हात. कितीएकींनी लग्नच केलं नाही. मजुरी गावाकडे पाठवली.

किंमतही मोजावी लागली. 1966 च्या कायद्यानं जमिनी स्वस्तात घेतल्या गेल्या. त्याआधी फेब्रुवारी 1963 मध्ये शंभराहून जास्त विरोधकांना खटला न चालवता तुरुंगात टाकलं होतं. त्यांत लिम चिन सिओंग होते, लींच्याच पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. घरमालकीच्या निर्णयाचं श्रेय मी लींना मोकळ्या मनानं देतो. या अटकांची जबाबदारीही त्यांच्याच नावावर मांडतो.