पोशाखाचा नियम आणि खिशाचा हिशेब

कपड्यांवरील खर्च हा घरच्या अंदाजपत्रकातील सर्वांत दुर्लक्षित रकाना होय. धान्याचा, भाड्याचा, औषधपाण्याचा हिशेब आपण काटेकोरपणे ठेवतो. कपडे मात्र सणाला किंवा लग्नसराईला, पैसे हाती असतील तसे घेतले जातात. वास्तविक हा खर्च केवळ हौसेचा नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिनन शर्टाचे उदाहरण दिले होते. शर्ट ही जगण्याची गरज नव्हे, परंतु त्याच्या काळातील साध्या मजुरालाही त्यावाचून चारचौघांत उभे राहण्याची लाज वाटे. म्हणून तो जीवनावश्यक वस्तूंतच मोजला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद आज महाराष्ट्रातील शिक्षण सेवकाला तंतोतंत लागू पडतो. शालेय शिक्षण विभागाने १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांच्या पोशाखासंबंधी निर्देश काढले. जीन्स, टी-शर्ट व नक्षीदार कपडे नकोत. पुरुषांनी शर्ट-पॅन्ट, शर्ट खोचलेला. स्त्रियांनी साडी अथवा दुपट्ट्यासह सलवार-कुडता, असे त्याचे स्वरूप होते. शिक्षकाने नीटनेटके असावे याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार रुपये करण्यात आले. या रकमेत पोशाख कसा बसवावयाचा?

पाऊस आणि शर्टांची संख्या

मालवण तालुक्यातील धामापूरसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. नेमणूक होऊन शाळा सुरू होते ती जूनच्या मध्यावर, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. किती शर्ट लागतील हे येथे आवडीनिवडीवर नव्हे, तर कपडे वाळण्यावर ठरते. उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी धुतलेला सुती शर्ट मंगळवारी वाळतो आणि बुधवारी अंगात घालता येतो. दोन शर्टांवर भागते, तिसरा अडीनडीला. पावसाळ्यात तोच शर्ट पडवीच्या दोरीवर तीन दिवस ओलसर राहतो. दमट हवेत कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. मग चार शर्ट फिरतीला आणि एक शिल्लक असे पाच लागतात. साडीच्या बाबतीत हा ताण अधिकच. मिश्र धाग्याचे कापड लवकर वाळते, पण मे महिन्याच्या घामात ते नकोसे होते. म्हणून दोन सुती व तीन मिश्र, असा तोडगा व्यवहार्य ठरावा.

आता रकमेकडे वळू. शिलाईसह शर्टाला ७०० आणि पॅन्टला ९०० रुपये धरले, तर पाच शर्ट व तीन पॅन्टी मिळून ६,२०० रुपये होतात. हे कपडे दोन वर्षे टिकले, तर महिन्याला सुमारे २६० रुपये पडतात. रक्कम किरकोळ दिसते. परंतु २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यातील सुमारे साडेसहा टक्के, म्हणजे २७० रुपये, कपडे, अंथरूण-पांघरूण व पादत्राणे यांवर जात होते. सोळा हजारांत चौघांचे घर चालविणाऱ्या शिक्षकाचा माणशी खर्च याच पातळीवर येतो. म्हणजे त्याच्या वाट्याचे सारे पैसे शाळेच्या पोशाखातच संपतात. चप्पल, चादर आणि घरचे कपडे इतरांच्या वाट्यातून आणावयाचे!

त्याहून मोठी अडचण आहे ती वेळेची. दोन वर्षांचा खर्च जूनमध्ये एकरकमी करावा लागतो, आणि तोही पहिले मानधन हाती पडण्यापूर्वी. मग माणूस स्वस्त कापडाकडे वळतो. चारशे रुपयांचा शर्ट चाळीस धुण्यांत विटला, तर प्रत्येक वापर दहा रुपयांना पडतो; नऊशेचा दीडशे धुणी टिकला, तर सहा रुपयांना. ज्याच्यापाशी रोकड कमी, त्यालाच वस्त्र महाग पडते.

कराच्या सवलतीनेही हे कोडे सुटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के कर झाला. परंतु हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. सवलत मिळाली ती हजारांपुढील कपडे घेणाऱ्याला.

उपाय काय?

काही उपाय आपल्याच हाती आहेत. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवण्याची जुनी रीत हास्यास्पद नव्हती. त्यात कापड वाया जात नसे आणि भावही उतरत असे. चार शिक्षकांनी मिळून मालवण-कुडाळच्या बाजारातून तागा घेतला, गावच्या शिंप्याकडे शिलाई दिली आणि शिवणीत थोडी माया ठेवली, तर तोच लाभ आजही मिळेल. शिक्षकांच्या पतपेढ्यांनी नव्या शिक्षण सेवकाला पोशाखासाठी दहा हप्त्यांत फेडावयाची बिनव्याजी उचल दिली, तर संस्थेला फारसा भार न पडता टिकाऊ कापड त्याच्या आवाक्यात येईल.

तथापि मुख्य जबाबदारी नियम करणाऱ्याची आहे. विद्यार्थ्याला दोन गणवेशांसाठी ६०० रुपये लागतात, असा हिशेब समग्र शिक्षा योजनेत शासन मांडते. ती रक्कम अपुरी असेल, पण तत्त्व योग्य आहे. पोशाख ठरविणाऱ्याने पोशाखाचा खर्चही मोजावा, हेच तत्त्व शिक्षण सेवकाच्या बाबतीत लावून नेमणुकीच्या आदेशाबरोबरच पोशाखाची रक्कम द्यावी. तेवढे होईपर्यंत पावसाळ्यात ओलसर शर्ट घालून वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला अधिकाऱ्यांनी निदान बोल लावू नये.