रानातली धाव आणि हृदयाची काळजी

ओरिएंटिअरिंग हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला परिचित नाही. युरोपच्या उत्तर भागात मात्र शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे तो आवडीने खेळतात. स्पर्धकाच्या हाती एक नकाशा आणि होकायंत्र असते. नकाशावर काही ठिकाणे क्रमाने दाखवलेली असतात आणि रानात त्या त्या जागी नारिंगी-पांढरे निशाण लावलेले असते. एकेक निशाण गाठत जो सर्वांत कमी वेळात पोहोचेल तो विजयी. वाट मात्र ज्याची त्याने शोधायची. टेकडी चढून सरळ जावे की वळसा घालून सपाटीने जावे, हे पळता पळताच ठरवायचे असते. पायांत बळ हवे आणि डोकेही थंड हवे.

या खेळात स्वीडनच्या टूवे अलेक्सांडरसन हिने २०१६ साली मोठी मजल मारली. त्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्टमध्ये तिच्याच देशात, पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॉमस्टाड परिसरात झाली. उघडे खडक, दलदल आणि दाट झाडी असा तो मुलूख. टूवे तेव्हा तेवीस वर्षांची होती. आधीच्या स्पर्धांत तिला रौप्यपदके मिळाली होती, पण वैयक्तिक सुवर्ण हुलकावणी देत होते. त्या ऑगस्टमध्ये तिने मध्यम पल्ला आणि लांब पल्ला अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. एवढेच नव्हे, तर लांब पल्ल्याचे सुवर्ण तिने २०१९ पर्यंत सलग चार वर्षे आपल्याकडे राखले.

आरोग्याच्या सदरात या यशाची दखल घेण्याचे कारण वेगळे आहे. टूवेचा जन्म सप्टेंबर १९९२ चा. ती जेमतेम दोन महिन्यांची असताना स्वीडनमधील या खेळाच्या संघटनेने सर्वांना चकित करणारा निर्णय घेतला. वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा सराव आणि स्पर्धा काही महिने पूर्ण थांबवण्यात आल्या.

त्याला कारणही तसेच होते. १९७९ ते १९९२ या काळात त्या देशात ओरिएंटिअरिंगचे सोळा खेळाडू अचानक हृदय बंद पडून दगावले. त्यांत पंधरा पुरुष आणि एक स्त्री. सगळे पस्तिशीच्या आतले, रोज कित्येक किलोमीटर पळणारे. तपासणीत त्यांपैकी अनेकांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आल्याच्या खुणा आढळल्या. वैद्यकात याला मायोकार्डायटिस म्हणतात.

हे घडते कसे? सर्दी-ताप आणणारे काही विषाणू व जंतू क्वचित हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचतात. शरीर विश्रांती घेत असेल तर बहुतेकदा ते त्यांच्यावर मात करते. पण त्याच वेळी हृदयावर कठोर श्रमाचा ताण पडला तर सूज वाढू शकते. सुजलेल्या स्नायूमुळे हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो आणि वरून धडधाकट दिसणारा तरुण पळता पळता कोसळतो.

सक्तीच्या विश्रांतीनंतर तिथल्या खेळाडूंच्या सवयी बदलण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला. आजारपणात सराव बंद, बरे झाल्यावरही हळूहळू सुरुवात, हा नियम रुजवला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत तरुण खेळाडूंच्या अशा मृत्यूंची मालिका थांबल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. टूवेची पिढी याच बदललेल्या वातावरणात लहानाची मोठी झाली.

आपल्या गावातही पहाटे रस्त्यावर पळणारी मुले-मुली दिसतात. कुणाला पोलीस भरतीची, कुणाला सैन्यात जाण्याची आस, तर कुणाला शाळेच्या क्रीडास्पर्धेची. भरती तोंडावर आली की अंगात कणकण असूनही मुले गोळी घेऊन मैदानावर जातात. ‘घाम आला की ताप उतरतो’ असा सल्ला देणारेही भेटतात. हा सल्ला चुकीचा आणि धोक्याचा आहे. गोळीने ताप उतरला तरी आजार गेलेला नसतो.

म्हणून पालकांनी, शिक्षकांनी आणि खुद्द मुलांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा जुलाब असताना पळणे व व्यायाम पूर्ण बंद ठेवावा. ताप नसून नुसते नाक वाहत असेल तर हलके चालण्यास हरकत नाही. औषधाशिवाय ताप राहिला नाही आणि अंगात पूर्ववत ताकद वाटू लागली की मगच सुरुवात करावी. तीही आधी चालणे, मग हळू पळणे आणि शेवटी वेग, अशा क्रमाने. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजण्याची सवय चांगली. ती नेहमीपेक्षा बरीच जलद असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

पळताना छातीत दुखणे, धडधड होणे, पूर्वी न लागणारी धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा. हृदयाला सूज असल्याचे निदान झाले तर कित्येक महिने खेळ बंद ठेवावा लागतो. पुन्हा केव्हा सुरू करायचे ते डॉक्टरच ठरवतील. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाची तपासणी आधीच करून घेतलेली बरी.

चार-आठ दिवसांच्या विश्रांतीने कुणाची मेहनत वाया जात नाही. टूवेला पहिल्या वैयक्तिक सुवर्णासाठी कैक वर्षे वाट पाहावी लागली, आणि ते मिळाल्यावर पुढची तीन वर्षेही ती तितक्याच दमाने पळत राहिली. भरती पुढच्या वर्षी पुन्हा निघेल, स्पर्धाही पुन्हा होईल. हृदय मात्र जन्मभर एकच पुरवायचे असते.