टाका, तारा आणि परतफेड



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांचे फोन आले. ‘सर, तत्त्वज्ञान सोडून शिवणकाम कधीपासून?’ सोडलेलं नाही. नाताळाच्या झाडाला किंवा दाराला टांगायच्या, हातानं शिवलेल्या तळहाताएवढ्या वस्तू, आणि त्या शेजारीपाजारी भेट देण्याची रीत, एवढाच विषय आहे. त्यातून एक प्रश्न सोडवायचा आहे. अशा भेटीची परतफेड कशी करायची? आम्ही स्वतः त्यात एकदा सपशेल चुकलो, म्हणून हा प्रश्न आमच्यापुरता तरी पुस्तकी नाही.

अंधेरीत मरोळच्या बाजूला आम्ही राहायला गेलो त्याला आता पस्तीस वर्षं होतील. लागूनच गावठाण. तिथल्या एका आंटींशी आमच्या सौ.ची भाजीवाल्याकडे ओळख झाली. आंटी ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून काही जणांना वाटतं, हे लोक बाहेरून आले असावेत. तसं नाही. मुंबई, साष्टी, वसई हा मुलूख, तिथले हे मूळचे रहिवासी. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे या भागातली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. घरातली बोली मात्र मराठीच राहिली. नंतर नोकऱ्यांसाठी गोव्याहून, मंगळुराहून कॅथलिक मंडळी मुंबईत आली, तेव्हा आपली वेगळी ओळख असावी म्हणून यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. इंग्रजी नावामागचा माणूस असा आपल्याच मातीतला आहे.

तर पहिल्याच डिसेंबरात आंटी ताट घेऊन दारात. कलकल, न्यूऱ्या, आणि वर ठेवलेला हा तारा. (वक्ते कापडी तारा दाखवतात.) मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. लाल चौकड्यांचं सुती कापड, पाच टोकं, कडेनं पांढरे मणी, मधोमध एक सोनेरी टिकली. कापड त्यांच्या आईच्या लुगड्याचं. चौकड्यांचं लुगडं हा ईस्ट इंडियन बायकांचा जुना पोशाख.

आम्ही काय केलं? त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून चांगला महागातला केक आणला आणि ताटात घालून परत पाठवला. पाठवला कसला, आम्ही स्वतःच घेऊन गेलो, मोठ्या ऐटीत. आंटींनी ताट घेतलं, हसल्या, आणि म्हणाल्या, “सर, एवढी घाई काय होती? आमचं काही देणं लागत होतात का?”

या वाक्यानं आम्हाला बरीच वर्षं सोडलं नाही.

आता जरा पुस्तकांकडे वळू. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा भेटवस्तूंवरचा प्रसिद्ध निबंध १९२५ साली आला. त्याचं म्हणणं असं, की भेट वरून ऐच्छिक दिसते, पण तिच्यात तीन बंधनं असतात. द्यावं लागतं, घ्यावं लागतं, आणि परत करावं लागतं. उलट गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणतं, तर जो परतफेड करणार नाही त्याला, द्यायचं म्हणून दिलेलं. दोन टोकं झाली. एकात परतफेड हवीच, दुसऱ्यात तिची अपेक्षाच नको. शेजाऱ्याचं ताट या दोन्हींत बसत नाही. ते दान नाही, कारण आंटी आणि आम्ही बरोबरीचे. तो व्यवहारही नाही.

ही गाठ पिएर बोर्दिए या दुसऱ्या फ्रेंच विचारवंतानं बरीच सैल केली. त्यानं बोट ठेवलं वेळेवर. परतफेड होते, पण ती ताबडतोब करायची नसते आणि तीच वस्तूही द्यायची नसते. लगेच परत करणं म्हणजे भेट नाकारण्यासारखंच. मधला काळ गेला पाहिजे. त्या काळात दोन्ही घरं एकमेकांशी बांधलेली राहतात. आपल्याकडच्या आज्या हे बोर्दिएशिवायच जाणत होत्या. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, असं त्या म्हणायच्या. पण ते आजच भरून पाठव, असं नव्हत्या म्हणत.

म्हणजे आमचा केक चांगला होता, वेळ चुकली होती. आम्ही खातं मिटवून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी सौ.नं ते सुधारलं. नाताळचं ताट तिनं घरातच ठेवून घेतलं, आणि दिवाळीला, म्हणजे दहा महिन्यांनी, फराळ घालून पाठवलं. करंजी पाहून आंटी म्हणाल्या, “ही तर आमची न्यूरी.” मग दोघींचं जमलं, आणि नोव्हेंबरातल्या दुपारी आमच्या घरी तारे शिवले जाऊ लागले. सुईत दोरा ओवून देणं आमच्याकडे. तेवढ्यावर जे शिकलो ते सांगतो, कारण हाताला कळल्याशिवाय पुढचा मुद्दा नीट पटणार नाही.

नवशिक्यानं फेल्टपासून सुरुवात करावी. साधं कापड विणलेलं असतं, कापलं की कडेचे धागे सुटतात. फेल्टमध्ये तंतू दाबून एकजीव केलेले असतात, त्यामुळे कड उसवत नाही, दुमडावी लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कडेनं काजाचा टाका घातला की झालं. आकार आधी बदामाचा किंवा घंटेचा घ्यावा. ताऱ्याची टोकं सगळ्यांत अवघड.

लुगड्याच्या कापडाचं तंत्र वेगळं. सुलट बाजू आत ठेवून, कडेपासून पाव इंच आतून उलटी टीप मारायची. दोन बोटं जातील एवढी फट सोडायची. टोकांवरचं जादा कापड छाटायचं, आतल्या कोनांत टाक्यापर्यंत कात्रीनं चीर द्यायची, टाका मात्र कापू द्यायचा नाही. ही चीर नसली तर उलटल्यावर कोनात चुण्या पडतात. मग कापड सुलट करून विणायच्या सुईच्या बोथट बाजूनं टोकं बाहेर काढायची, कापूस आधी टोकांत, नंतर पोटात. शेवटी लपवा टाका घालून फट बंद.

आणखी तीन गोष्टी. मणी-टिकल्यांचं काम दोन बाजू जोडण्याआधी करायचं, म्हणजे मागच्या गाठी आत लपतात. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले दोनच पदर वापरायचे. आणि टिकली बसवायची कशी? सुई खालून टिकलीतून वर, वर एक बारीक मणी ओवायचा, आणि सुई पुन्हा टिकलीच्याच भोकातून खाली. मणी भोकापेक्षा मोठा, तोच कुलूप होतो.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक स्टेशनबाहेर डिसेंबरात डझनावारी गोळे मिळतात. आणि हे काही आजचं नाही. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या नाताळ-झाडाचं चित्र छापून आलं आणि ती टूम पसरली. त्याच शतकात जर्मनीतल्या लाउशा गावचे काचेचे गोळे परदेशी जाऊ लागले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं विकतचं उपलब्ध आहे आणि तरी लोक शिवतात. गरज म्हणून नाही, निवड म्हणून.

या निवडीचं आमच्या मते कारण असं. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत दोन्ही घरांना कळते, आणि जी किंमत कळते ती फेडता येते. शिवलेल्या ताऱ्यात आहेत चार दुपारी आणि आईच्या लुगड्याचा एक तुकडा. तो तुकडा कापला की लुगडं तेवढं कमी झालं. हे फेडणार कशानं? फेडता येत नाही, म्हणूनच नातं चालू राहतं.

मात्र न फिटणारं देणं जडही होऊ शकतं. कुणी तुम्हाला वर्षभर खपून मोठी गोधडी दिली, तर तुम्ही अवघडाल. म्हणून वस्तू लहान हवी. लहान वस्तू घेणाऱ्याला दबवत नाही. खिळ्याला टांगावी, जानेवारीत डब्यात ठेवावी, विसरावी, पुढच्या डिसेंबरात काढावी.

आता शेवटचं. सौ. जाऊन तीन वर्षं झाली. आंटींना आता नीट दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. गेल्या डिसेंबरात ताट आलं, तारा आला नाही. मग यंदाच्या दिवाळीआधी आम्ही कपाटातली सौ.ची हिरवी इरकल काढली. दोन दिवस ती नुसतीच पलंगावर होती, कात्री लावायला हात होईना. आंटींनी पहिल्या ताऱ्यासाठी काय कापलं होतं, ते तेव्हा कळलं. पस्तीस वर्षं उशिरा.

तारा शिवला. पाचातली दोन टोकं वाकडी. फराळाच्या ताटात वर ठेवून नेला. आंटींनी डोळ्यांजवळ धरला, मग बोटांनी कडेकडेनं चाचपला, आणि एका ठिकाणी थांबल्या.

“सर, हा मणी सुटणार. घट्ट करून आणा.”

तारा परत आणलाय. घाई करणार नाही. नाताळ यायचाय अजून.

प्रश्न असतील तर घेऊ.