इथं कोण बसलंय?

मैत्रिणींनो, रात्रीचे साडेआठ वाजलेत, कुकरची तिसरी शिट्टी व्हायचीय, आणि चिरंजीव दप्तरातून डोकं वर काढून म्हणतात, "आई, उद्या पोस्टर न्यायचंय. वीज वाचवा." हा प्रसंग तुमच्या घरी अजून घडला नसेल तर तुम्ही खरंच भाग्यवान! मग कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत कार्डशीट आणायची धावपळ. रडणारी पृथ्वी, हसणारा दिवा आणि खाली 'वीज वाचवा, देश वाचवा'. मूल पेंगतं आणि रंगवत बसते आई. तेही अकरा वाजेपर्यंत, सगळे दिवे लावून!

मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण गेल्या डिसेंबरात मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. इथे पनवेलच्या एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २००५ साली शाळकरी मुलांसाठी या विषयावर चित्रकला स्पर्धाही सुरू केली आहे. चित्रकलेच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सातवीची पोस्टरं माझ्या गळ्यात पडली.

तास संपत आला तेव्हा टेबलावर पृथ्वीच पृथ्वी जमल्या होत्या. फक्त एका मुलीचा कागद कोरा.

"का गं, सुचत नाही?"

"बाई, आमच्या घरी एक दिवा नि एक पंखा. आम्ही त्यातलं काय वाचवायचं?"

मी पटकन म्हटलं, "अगं, थेंबे थेंबे तळे साचे." तिनं मान डोलावली, पण कागद कोराच राहिला. खरं सांगू? मला माझ्याच उत्तराची लाज वाटली.

त्या रात्री घरात एक फेरी मारली. मधल्या खोलीत पंखा गरगरत होता, खोलीत कुणी नाही. ह्यांच्या आंघोळीसाठी तापवलेलं पाणी फोनवर बोलता बोलता थंड झालं होतं, म्हणून गिझर दुसऱ्यांदा चालू. २००० वॅटचा गिझर पाव तास तापला की अर्धा युनिट गेला. उपदेश त्या पोरीला, आणि उधळपट्टी माझ्या घरी!

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, पृथ्वी राहू दे. आधी मोजू या. आपल्या वर्गात चार पंखे, चार जुन्या ट्यूब. पंखा साधारण ७५ वॅटचा. ट्यूब ४० ची, पण चोक धरून ५०. म्हणजे सगळं मिळून ५०० वॅट. मधली सुट्टी आणि खेळाचा तास मिळून वर्ग रोज तासभर रिकामा, पण पंखे-दिवे चालूच. अर्धा युनिट. असे बारा वर्ग धरले तर रोज सहा युनिट, आणि शाळेच्या दोनशे दिवसांत १२०० युनिट!

"पण युनिट मीटरवर दिसतं कुठं?" एकानं विचारलं. आता आली पंचाईत. मी बी.ए. झालेली, पण मीटरकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. तेवढ्यात कोऱ्या कागदवाली उठली. "बाई, मला येतं. दर महिन्याला आई मलाच आकडा बघायला पाठवते. मागचा आकडा वजा करायचा." आणि तिनं फळ्यावर करूनही दाखवलं. ज्या घरात एकेका युनिटाचा हिशेब होतो, त्या घरातली ती मुलगी. त्या दिवशी वर्गाची बाई तीच होती.

मग वीज येते कुठून ते सांगितलं. आपल्या जवळच्या खोपोलीत १९१५ पासून वीज होते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस लोणावळ्याकडच्या तलावांत साठवायचा आणि नळांतून खाली सोडायचा. ती वीज पहिल्यांदा मुंबईच्या गिरण्यांना गेली. पण चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळसाच जाळावा लागतो, एका युनिटाला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. मुलांनी लगेच गुणाकार केला. १२०० युनिटांना जवळजवळ पाऊण टन!

त्या मुलीनं काय काढलं, सांगू? रिकामी बाकं, वर चार पंखे फिरताहेत, आणि एकच ओळ: 'इथं कोण बसलंय?' आम्ही ते दाराजवळ, बटणांच्या शेजारी लावलं. आठवड्याभरात बाहेर पडणारं शेवटचं मूल आपोआप बटणाकडे हात नेऊ लागलं. मग तिनं तसंच एक छोटं पोस्टर शिक्षकांच्या खोलीसाठी आणलं. एका सहकारी बाईंना ते जरा झोंबलं. मलाही झोंबलंच की! पण काढलं मात्र कुणी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी साडेआठ वाजता पोस्टर दाराशी आलं, तर एवढं करा:

• ब्रश हातात घेऊ नका. आधी मुलाला घरातले पंखे-दिवे मोजायला लावा.
• एका पोस्टरवर एकच गोष्ट आणि एकच छोटी ओळ. शक्यतो मुलाच्याच बोलीतली.
• अक्षरं गडद आणि ठसठशीत, शेवटच्या बाकावरून वाचता येतील एवढी. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसत नाहीत.
• ते बटणाशेजारी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावायला सांगा. शाळेच्या व्हरांड्यात उंच टांगलेलं कोण वाचतो?
• लावायच्या आधी आणि महिन्यानं मीटरचा आकडा लिहून ठेवा. फरक पडला की नाही, हे मुलालाच सांगू दे.

आमच्या गिझरच्या बटणाखालीही आता वहीचा एक कागद चिकटवलाय: 'पाणी कुणासाठी तापतंय?' अक्षर चिरंजीवांचं. 'तापतंय'वरचा अनुस्वार राहिलाय, पण मराठीच्या बाईंनी तो मुद्दामच दुरुस्त केलेला नाही. ह्यांचा फोन मात्र हल्ली आंघोळीनंतर होतो.