थंडीतली पिल्लं आणि त्यांचं खुराडं



दरवर्षी नाताळ जवळ आला की आपल्यापैकी काहीजण देणगीसोबत आठवणीने चिठ्ठी जोडतात : "एखाद्या गरीब घराला कोंबडीची पिल्लं द्या." पिल्लं देताना फोटोही छान निघतो. दोन वर्षांपूर्वी २० डिसेंबरला मीही असाच एक फोटो काढला होता. त्याबद्दल आणि त्यानंतर जे शिकले त्याबद्दल आज लिहिते आहे.

मी काम करते तो भाग सातपुड्यातला, तोरणमाळच्या खालच्या अंगाचा. नंदुरबार म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत वरच्या पाड्यांवर हाडं गोठतात. पलीकडे अक्कलकुव्यातल्या डाबच्या परिसरात तर काही वर्षी पहाटे दव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो. ज्या घरी आम्ही पिल्लं दिली तिथे एक आजी आणि दोन नातवंडं होती. मुलगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. आजींची अपेक्षा साधी होती : होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात चार कोंबडे विकायचे. कोंबडी म्हणजे इथल्या बाईच्या हातातली रोकड. मूल आजारी पडलं तर जीपचं भाडं त्यातूनच निघतं.

आठवड्याची २० पिल्लं मी नव्या खुराड्यात सोडली. थंडी आत शिरू नये म्हणून जुन्या फ्लेक्सच्या कापडाने खुराडं चारी बाजूंनी घट्ट बांधलं. एकही फट ठेवली नाही. सकाळी गाठ सोडली तर आतून पाणी निथळत होतं, वासाने डोळे चुरचुरले आणि कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. ९ मेलेली होती. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, ह्या पिल्लांची आई कुठं आहे?"

मला वाटलं होतं, कुठूनतरी थंडी शिरली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पर्यवेक्षकांनी उलटं सांगितलं : मी थंडी कोंडली नव्हती, ओल कोंडली होती. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगातलं पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. खुराडं बंद असेल तर ती वाफ छताला लागते, थंड होते आणि पिल्लांवरच ठिबकते. ओल्या तुसातून अमोनिया उठतो. कोरडी लव ऊब धरते, भिजलेली लव धरत नाही. मग पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

त्यामुळे खुराड्याची पहिली गोष्ट म्हणजे वरची फट. आता आम्ही बांधतो ते ४ फूट बाय ३ फूट, बांबूचं, वर कौलं, जमिनीपासून अडीच फूट उंच. एवढ्यात आठ मोठ्या कोंबड्या रात्री नीट बसतात. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडे झुकलेलं ऊन दिवसभर आत येतं. उत्तरेची बाजू कुडाने लिंपून घ्यायची. छताखाली मात्र दोन्ही लांब बाजूंना चार-पाच बोटं फट ठेवायची आणि तिला बारीक जाळी मारायची. रात्री गोणपाटाचा पडदा लावायचा तोही खालून वर, ती फट सोडून. वारा पिल्लांच्या अंगावर येता कामा नये, पण त्यांच्या डोक्यावरून गेला पाहिजे. खांबांना खाली पत्र्याचा गोल पट्टा ठोकला की घुशी वर चढत नाहीत. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी. बाजारात मिळणारी मोठ्या घरांची कोंबडीजाळी स्वस्त असते, पण तिच्यातून उंदीर सहज येतो. आत तीन इंच भाताचं तूस पसरायचं, रोज हलवायचं, ओलं झालेलं काढून टाकायचं. आणि वास घ्यायचा तो उभ्याने नाही, वाकून, पिल्लाच्या उंचीवर.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त जिव्हारी लागली. ती पिल्लं मुळात खुराड्यात जायलाच नको होती. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी चालते. पिसं भरेपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. खुडूक कोंबडी हेच काम पंखाखाली करते. आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता : विकतच्या पिल्लांना आई नसते, ती आपण व्हायचं असतं.

वीज असेल तिथे ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब दीड फुटावर टांगला की वीसेक पिल्लांना पुरतो. एलईडीचा उपयोग नाही, तो उजेड देतो पण ऊब जवळजवळ नाहीच. (हे जुने बल्ब आता दुकानदार माळ्यावरून शोधून काढतात.) पण आमच्याकडे वीज नेमकी पहाटे जाते. म्हणून आजींनीच काढलेली युक्ती आम्ही सगळीकडे सांगतो. मोठ्या टोपलीत लहान टोपली ठेवायची, दोन्हींच्या मधे तूस ठासायचं आणि ती चुलीच्या भिंतीलगत ठेवायची. चुलीजवळ तापलेली वीट गोणपाटात गुंडाळून आत एका बाजूला, वरून सुती फडकं अर्धवट. मध्यरात्री एकदा उठून वीट बदलायची. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याच खोलीत माणसंही झोपलेली असतात.

थर्मामीटर लागत नाही, पिल्लंच सांगतात. विटेला चिकटून चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतो आहे. टोपलीभर पसरून निवांत पडली असतील तर आपणही झोपावं.

पाणी कोमट द्यावं, पहिल्या दिवशी गूळ घालून. मक्याचा बारीक भरडा चालतो, पण नुसता नको. त्यात शेंगदाण्याची पेंड हवीच, नाहीतर पिसं भरायला वेळ लागतो आणि थंडीत तोच वेळ परवडत नाही. मानमोडीची लस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यात एक थेंब.

आता आपल्याशी थोडं स्पष्ट बोलते. पिल्लांसाठी पैसे येतात. जाळीसाठी, तुसासाठी, पेंडीसाठी म्हणून सहसा कोणी पाठवत नाही. शिवाय ते नाताळात येतात, म्हणजे पिल्लांना सगळ्यात वाईट अशा महिन्यात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका दिवसाची पिल्लं आली तर कडाक्याच्या थंडीपर्यंत ती सहा आठवड्यांची होतात, अंगभर पिसं येतात आणि होळीपर्यंत चार महिन्यांची विकण्याजोगी होतात. म्हणून विनंती आहे की भेट सप्टेंबरातच पाठवावी. चिठ्ठीवर "पिल्लं" ऐवजी "खुराडं" लिहिलंत तर फारच बरं. फोटो तितका चांगला येणार नाही.

आजींकडे यंदा नोव्हेंबरात पुन्हा २० पिल्लं दिली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती टोपलीतच होती. मोठी होत गेली तशी एकीच्या तीन टोपल्या झाल्या. सध्या खुराड्यात १८ आहेत. दोन मुंगसाने नेली. दाराची कडी मी बसवली होती, ती सैल राहिली. आता तिथे आजींनी सागाची खुंटी ठोकली आहे.