निकाल ‘शंभर टक्के’, पण परीक्षेला पोरं बसली किती? छोट्या आणि वेगळ्या शाळांचा निकाल असा वाचा

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या ग्रुपवर फ्लेक्सचे फोटो सुरू होतात. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. त्याच वेळी नापास झालेल्या, मधूनच शाळा सुटलेल्या, दिवसा कामाला जाऊन रात्री शिकणाऱ्या पोरांची एखादी छोटी शाळाही असते. तिचा निकाल साठ टक्के लागला की पारावर लगेच चर्चा, “तिथं काय शिकवतात काय नुसतं?” आकडे दोन्हीकडचे खरे असतात. ते वाचताना मात्र गडबड होते आणि त्यावरून पोराचं नाव कुठं घालायचं हे ठरतं.

आधी साधं गणित. समजा एका शाळेत दहावीला ८ मुलं आहेत. एक नापास झालं की निकाल ८७.५० टक्के. दोन नापास झाली की थेट ७५. शंभर मुलांच्या शाळेत दोन नापास झाली तरी निकाल ९८ राहतो. पुढच्या वर्षी त्याच छोट्या शाळेत, त्याच शिक्षकांच्या हाताखाली आठच्या आठ पास होतात आणि निकाल १०० वर जातो. म्हणून छोट्या शाळेचा एका वर्षाचा निकाल धरून बसू नये. मागच्या चार-पाच वर्षांत एकूण किती बसली आणि किती पास झाली, ही बेरीज मागावी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आणि तो फारसं कोणी विचारत नाही. नववीत किती पोरं होती? समजा नववीला ४० होती, दहावीला ३१ बसली आणि ३१ पास झाली. फ्लेक्सवर १०० टक्के. पण नववीतल्या ४० पैकी पास झाली ३१, म्हणजे ७७.५ टक्के. उरलेली ९ कुठं गेली? एखादीचं लग्न लावून दिलं, एखादा आईबापाबरोबर कोयत्यावर गेला, कोणी हॉटेलात कामाला लागला. आणि काहींना “तुझं काही खरं नाही, १७ नंबर भर” असं सांगून बाजूला काढलं, हेही पालकांच्या तोंडून ऐकायला मिळतं. १७ नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. या खासगी विद्यार्थ्यांचा आणि पुन्हा बसणाऱ्यांचा हिशेब बोर्ड नियमित विद्यार्थ्यांपासून वेगळा मांडतं. त्यामुळे कच्चं पोर बाहेरून बसवलं की शाळेचा आकडा चकचकीत राहतो. सोय चांगली आहे, पण ज्याची शाळा खरंच सुटली त्याच्यासाठी. वर्गात बसलेल्या पोराला ढकलायला नाही.

वेगळ्या शाळेत येतात ती हीच पोरं. वय सोळा ते वीस, घरची जमीन कोरडवाहू नाहीतर नाहीच. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. त्यानंतर पोर घरी बसलं तर विचारायला कोणी येईलच असं नाही. ऊसतोडीच्या घरात तर गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. दहावीची परीक्षा याच काळात. अभ्यासाचे महिने फडात गेले तर पोर ढ कसं म्हणायचं?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएचडी करून मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला. तिथं शाळा सोडलेल्या पोरांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया हे सगळं हातानं करत शिकायचं. अशा ठिकाणची कामगिरी दहावीच्या टक्क्यांत कशी मोजणार? पोरगं गावात परत येऊन मोटार दुरुस्त करतं का, चार पैसे कमावतं का, हे बघावं लागतं. तिकडं लडाखमध्येही १९८८ साली सुरू झालेली सेकमॉल ही संस्था दहावी नापास पोरांना आवर्जून घेते. सोनम वांगचुक हे नाव अनेकांना माहीत आहे, ते तिच्या संस्थापकांपैकी.

ज्याला दहावीचा कागद हवाच आहे, त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक १७ नंबरची. त्यासाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. इथं पाच विषय, पाससाठी ३३ टक्के आणि पाच वर्षांत नऊ संधी. पास झालेला विषय पास राहतो. राज्य बोर्डात नापास झालेल्याचे पास असलेले जास्तीत जास्त दोन विषय इकडं धरलेही जातात.

एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्या. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचं नाही, म्हणून बरीच पोरं ते टाळतात. नंतर आयटीआयला फिटर, इलेक्ट्रिशियनसारखा ट्रेड मागायला गेल्यावर गणित-विज्ञान विचारतात. तेव्हा विषय निवडतानाच पुढं काय करायचं ते ठरवा.

शाळा कोणतीही असो, नाव घालायच्या आधी गुरुजींना तीन गोष्टी विचारा. नववीत किती होती आणि दहावीला किती बसली? मधे सोडून गेलेली पोरं कुठं आहेत? आणि पास झालेली आज काय करतात? पोरांची संख्या तर मोबाइलवरही दिसते. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो घेऊन यू-डायसच्या संकेतस्थळावर शोधलं की शाळेत किती पोरं आहेत आणि शिक्षक किती, हे घरबसल्या बघता येतं.